फॉलोअर्स वाढतात, लाइक्स येतात, मग वेबसाइटवर कोणी फिरकत का नाही?

मार्च उजाडला की फेसबुक आणि इन्स्टाग्राम हापूसच्या पेट्यांनी भरून जातं. देवगड, रत्नागिरी, राजापूर, वेंगुर्ल्याकडच्या कितीतरी बागायतदारांनी गेल्या काही वर्षांत स्वतःची वेबसाइट काढलीय, त्यातही मुंबई-पुण्याची नोकरी सोडून किंवा नोकरी सांभाळून बाग बघणारी तरुण मुलंमुली जास्त. कारण सरळ आहे, वाशीच्या घाऊक बाजारात माल पाठवला की भाव तिकडे ठरणार आणि दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हातात येईपर्यंत आपल्याला काय सुटलं ते कळणार नाही, त्यापेक्षा गिऱ्हाईकाला थेट घरपोच पेटी दिली तर दोन पैसे जास्त मिळतात हे आता सगळ्यांना पटलंय.

पण वेबसाइट झाली, पेज झालं, रील टाकली, तिला लाखभर व्ह्यूज आले, आणि वेबसाइटवरून ऑर्डर मात्र येत नाही. "आमचं नेमकं चुकतंय कुठे?" हा प्रश्न मला हंगामात सारखा विचारला जातो. आणि त्यात आता दुसरा प्रश्न आलाय, की गुगल आता सगळ्यात वर एआयचं तयार उत्तरच दाखवतं, मग ब्लॉग लिहून उपयोग काय?

या दोन प्रश्नांसाठी हा लेख आहे. मी कोकणातल्या छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइटची कामं करतो, म्हणून उदाहरण हापूसचं घेतोय. तुमचं होमस्टे असेल, पैठणीचं दुकान असेल, बारावीचे क्लासेस असतील, तरी गणित हेच राहतं.

वेबसाइटवर माणूस येतो कुठून?

वेबसाइटवर येणाऱ्या माणसांना या धंद्यात ट्रॅफिक म्हणतात. ते तीन वाटांनी येतं. एक तर माणसाला तुमचं नाव माहीत असतं आणि तो ते टाइप करून थेट येतो. दुसरी वाट म्हणजे तो गुगलवर काहीतरी शोधतो आणि तिथे तुम्ही दिसता. तिसरी म्हणजे कुठेतरी, फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर, कुणाच्या लेखात तुमची लिंक असते आणि तो ती दाबतो.

आकडा एकच दिसत असला तरी या तिघांच्या मनात काय चाललंय त्यात खूप फरक असतो. रात्री जेवण झाल्यावर आडवं पडून रील बघणारा माणूस आंबा घ्यायला बसलेला नसतो, त्याच्यासमोर क्रिकेट, कुत्र्याची पिल्लं, राजकारण आणि मधेच तुमची पेटी सरकत असते, त्याला ती आवडते, तो हार्ट देतो आणि पुढे जातो. तेच एखादी बाई "हापूस पेटी घरपोच कोथरूड" असं टाइप करते तेव्हा तिला पेटी हवी आहे, बहुतेक याच आठवड्यात हवी आहे, आणि कुणाकडून घ्यायची एवढंच ठरायचं बाकी आहे. त्यामुळे रीलच्या लाख व्ह्यूजची तुलना अशा पन्नास सर्चशी करायला गेलात तर गोंधळ होणारच. बहुतेकांची निराशा इथूनच सुरू होते.

सोशल मीडिया म्हणजे जत्रेतलं दुकान

महाशिवरात्रीला कुणकेश्वरला जत्रा भरते. तिथे तुम्ही दुकान मांडलंत तर गर्दी आपोआप मिळते, ती तुम्हाला जमवावी लागत नाही. पण गर्दी देवासाठी आलेली असते, जागा कुठली मिळेल ते तुमच्या हातात नसतं, आणि जत्रा उठली की तुमचं दुकानही उठतं. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब यांचं तसंच आहे. गर्दी त्यांची, जागा त्यांची, नियमही त्यांचे. वेबसाइट म्हणजे तुमच्या स्वतःच्या जागेतलं दुकान, जे कायम राहतं, पण ते आडबाजूला असल्यामुळे तिथपर्यंत माणूस आणावा लागतो.

आता जत्रा भरवणाऱ्याला काय हवं असतं? माणसं जत्रेतच फिरत राहावीत. या कंपन्यांची कमाई जाहिरातींवर चालते, माणूस ॲपमध्ये जितका वेळ राहील तितक्या जाहिराती त्याला दिसणार, म्हणून बाहेर नेणारी लिंक द्यायला त्या हात आखडता घेतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये तुम्ही वेबसाइटचा पत्ता लिहा, तो दाबता येत नाही, नुसती अक्षरं राहतात. यूट्यूबने ऑगस्ट २०२३ च्या शेवटी शॉर्ट्सच्या, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंच्या, कमेंटमधल्या आणि डिस्क्रिप्शनमधल्या लिंक दाबता येणं बंद केलं, कारण म्हणून फसवणुकीच्या लिंक सांगितल्या, आणि ते खरंही असेल, पण फटका सगळ्यांनाच बसला. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की न्यूजफीडमध्ये यापुढे मित्र आणि घरच्यांच्या पोस्टना जास्त जागा मिळणार, म्हणजे दुकानदारांच्या पेजची पोस्ट त्यांच्याच फॉलोअर्सना कमी दिसणार. पैसे न भरता तुमची पोस्ट जितक्या लोकांपर्यंत जाते त्याला ऑरगॅनिक रीच म्हणतात, आणि तो कुणाला किती द्यायचा हे ठरवणारा जो हिशोब त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये चालतो तो अल्गोरिदम. तो बदलताना तुम्हाला कुणी विचारत नाही.

आणि कधीकधी तर जत्राच उठते. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली तेव्हा गावागावातल्या किती पोरांचे लाखांतले फॉलोअर्स एका रात्रीत गेले ते आपण पाहिलंय. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहाएक तास बंद पडले होते. ऐन हंगामात, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात असं झालं आणि तुमच्या सगळ्या ऑर्डरी इन्स्टाच्या मेसेजमध्येच असतील तर काय करणार?

म्हणून सोशल मीडिया सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. गर्दी तिथेच आहे. तिथे जायचं ते ओळख करून द्यायला आणि आपल्या दुकानाची वाट दाखवायला, एवढं डोक्यात पक्कं असलं पाहिजे.

गुगलला तुमची वेबसाइट कशी कळते?

गुगलकडे एक प्रोग्रॅम आहे, तो दिवसरात्र एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात असतो आणि तिथे काय लिहिलंय ते वाचून आपल्या यादीत नोंदवून ठेवतो. या यादीला इंडेक्स म्हणतात. तुम्ही काही शोधलंत की गुगल त्या क्षणी सगळं इंटरनेट धुंडाळत बसत नाही, ते आपल्या या यादीत बघतं आणि तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं, भरवशाचं वाटेल ते पान वर आणतं. भरवसा ठरवायच्या खुणा बऱ्याच आहेत, त्यातली जुनी आणि अजून चालणारी खूण म्हणजे बाकीच्या चांगल्या वेबसाइट तुमच्याकडे लिंक देतात का.

आता बहुतेक आंबेवाल्यांच्या वेबसाइटवर काय असतं बघा. होम, आमच्याबद्दल, प्रॉडक्ट्स, संपर्क. चार पानं. "आम्ही तीन पिढ्यांपासून दर्जेदार हापूस पुरवतो" असं एक वाक्य, जे प्रत्येकाकडे असतं. लोक गुगलला विचारतात शेकडो वेगवेगळे प्रश्न, आणि तुमच्याकडे त्यातल्या एकाचंही उत्तर नाही, मग गुगल तुम्हाला दाखवणार तरी कशासाठी? ब्लॉगचं काम इथे सुरू होतं. ब्लॉग म्हणजे वेबसाइटवरचा तो भाग जिथे तुम्ही लेख टाकत जाता, प्रत्येक लेखाचं वेगळं पान, प्रत्येक पान म्हणजे आत यायचं एक नवीन दार.

ब्लॉगवर लिहायचं काय?

"हापूस खाण्याचे दहा फायदे" हे लिहू नका. ते हजार ठिकाणी आहे, आणि ते वाचणारा माणूस पेटी घेईलच असं काही नाही. गिऱ्हाईक फोनवर तुम्हाला जे विचारतं ते लिहा. व्हॉट्सॲप उघडा, मागच्या हंगामातले मेसेज वर सरकवत जा, अख्खी यादी तिथे तयार आहे. आंबे हिरवेच आलेत, पिकणार कधी? पेटी आली की फ्रिजमध्ये ठेवायची का? देठाजवळ काळा डाग आहे तो कशाचा? पाच डझनाची पेटी आणि सहा डझनाची पेटी एकाच आकाराची कशी? देवगड आणि रत्नागिरीत फरक काय? कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून गळ्यात मारला तर ओळखायचा कसा?

एक प्रश्न घेऊन बघू. आंबा बाहेरून सुंदर, वास सुंदर, कापला तर आत पांढरट, भुसभुशीत, आंबट भाग. गिऱ्हाईक चिडतं, त्याला वाटतं फसवलं. बागायतदाराला माहीत असतं की हा साका आहे, तो बाहेरून दिसत नाही, हापूस जातीचाच तो दोष आहे, फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं किंवा काढल्यावर उन्हात, तापलेल्या जमिनीवर ठेवलं तर त्याचं प्रमाण वाढतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना ही जात काढली तिच्यात साका येत नाही. एवढी सगळी माहिती त्या माणसाच्या डोक्यात आहे, दर हंगामात तो ती फोनवर पन्नास जणांना सांगतो, आणि वेबसाइटवर त्यातला एक शब्द नाही.

ती लिहा. शीर्षक ठेवा "हापूस आतून पांढरा, आंबट का निघतो? साका म्हणजे काय". पहिल्या दोन ओळींत सरळ उत्तर द्या, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नका. मग साक्याच्या कापलेल्या आंब्याचा स्वतः काढलेला फोटो, शेजारी चांगल्या आंब्याचा. मग तुम्ही काय काळजी घेता ते, म्हणजे सकाळी ऊन चढायच्या आत काढणी करतो, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठ ठेवून आंबा काढतो म्हणजे चीक सालीवर उतरत नाही, काढलेला आंबा लगेच सावलीत. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, पेटीत साक्याचे आंबे निघाले तर तुम्ही काय करता, बदलून देता की पैसे परत, ते स्पष्ट. हा लेख वाचून कुणी पळून जाणार नाही. उलट आपल्या मालाचा दोष हा माणूस स्वतःच सांगतोय, म्हणजे बाकीचंही खरं सांगत असणार असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि ऑनलाइन आंब्याच्या धंद्यात, जिथे आगाऊ पैसे घेऊन गायब होणारेही आहेत, हा विश्वास फार मोठा आहे.

हे असं खरंच चालतं का, तर याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण आहे अमेरिकेतलं. व्हर्जिनिया राज्यात रिव्हर पूल्स अँड स्पाज नावाची, घराच्या आवारात फायबरग्लासचे स्विमिंग पूल बसवून देणारी कंपनी होती. २००८ च्या मंदीत लोकांनी ऑर्डरी रद्द केल्या, कंपनी बुडायच्या बेतात आली, जाहिरातीला पैसे नव्हते. तिच्या मालकांपैकी एक, मार्कस शेरिडन, २००९ पासून गिऱ्हाइकांनी आजवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं एकेक करून वेबसाइटवर लिहायला लागला. त्यात असा पूल बसवायला खर्च किती येतो हा लेख होता, आणि फायबरग्लासमध्ये काय काय दोष आहेत हेही त्याने लिहिलं. खर्चाच्या त्या एका लेखावरून आलेल्या गिऱ्हाइकांची खरेदी दहा लाख डॉलरच्या वर गेल्याचं त्याने नंतर हिशोब ठेवून सांगितलं. कंपनी वाचली, मोठी झाली.

पण भाव लिहिला तर शेजारचा बघेल ना?

बघेल. शेजारच्याला तुमचा भाव तसाही माहीत आहे, तो कुणाच्या तरी नंबरवरून व्हॉट्सॲप करून कधीच विचारून बसलेला असतो. "भावासाठी इनबॉक्स करा" मुळे अडतो तो फक्त गिऱ्हाईक. त्याला विचारायचा संकोच वाटतो, किंवा तो दुसऱ्याकडे जातो जिथे आकडा समोर दिसतो. हापूसचा भाव हंगामात बदलत जातो, मार्चमध्ये एक, अक्षय्य तृतीयेला वेगळा, मे अखेरीला आणखी खाली, म्हणून एकच आकडा लिहिणं अवघड आहे हे खरं. मग तेच समजावून लिहा, सुरुवातीला महाग का असतो, कशाने उतरतो, छोट्या-मोठ्या फळाच्या डझनाला फरक का पडतो, डिलिव्हरीचा खर्च किती, आणि या आठवड्याचा भाव काय. हे पान तुमच्या वेबसाइटवरचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान ठरलं तर नवल वाटून घेऊ नका.

यात एक बारीक गोष्ट लोक हमखास विसरतात. दरवर्षी "भाव २०२४", "भाव २०२५" अशी नवीन पानं करत जाऊ नका. पानाचा पत्ता वर्षाशिवाय ठेवा आणि त्याच पानावर दर हंगामात आकडे बदला, वर तारीख टाका. जुन्या पानाला गुगलकडे मिळालेली पत, कुणी दिलेल्या लिंका, कुणी सेव्ह करून ठेवलेला पत्ता, हे सगळं त्यामुळे तुमच्याकडेच साठत जातं.

आता सोशल मीडियाचं काम काय उरलं?

खूप उरलं. क्रम मात्र बदलायचा. आधी लेख, मग त्यातून पोस्ट. साक्याचा लेख झाला की त्यातून आंबा कापतानाची वीस सेकंदांची रील निघते, जी बघून माणूस थबकतो. झेल्याने आंबा काढतानाचा व्हिडिओ निघतो. "हा आंबा खराब आहे का? सांगा" अशी फेसबुक पोस्ट निघते, तिच्यावर भांडणंही होतात आणि ती फिरतेही. आणि या प्रत्येकाच्या शेवटी, पूर्ण उत्तर कुठे मिळेल ते.

लिंक कुठे द्यायची हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. इन्स्टाग्रामवर बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या ओळींत, २०२३ पासून पाच लिंक टाकता येतात, त्यातली पहिली चालू हंगामाच्या पानाची ठेवा, होमपेजची नको. स्टोरीवर लिंकचं स्टिकर २०२१ पासून सगळ्यांना लावता येतं, पण स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून चांगली स्टोरी हायलाइटमध्ये टाकून ठेवा. यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमधली लिंक दाबता येते, आणि यूट्यूबवर लोक शोधायलाही येतात, त्यामुळे पाच मिनिटांचा एक नीट व्हिडिओ वर्षानुवर्षं माणसं पाठवत राहतो. फेसबुकवर आंब्याचे, खवय्यांचे, सोसायट्यांचे ग्रुप आहेत, तिथे जाऊन नुसती लिंक चिकटवून पळू नका, कुणी "आंबे पिकेनात, काय करू" विचारलं असेल तर तिथेच दोन ओळींत उत्तर द्या आणि मग हवं असेल तर सविस्तर इथे आहे म्हणून लिंक द्या. ॲडमिनचे नियम आधी वाचा.

आपल्याकडे खरी ताकद व्हॉट्सॲपची आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ पर्यंत माणसं घेता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, हे कित्येकांना माहीतच नसतं आणि मग मेसेज जातच नाहीत म्हणून ते हैराण होतात. पेटीत एक छापील चिठ्ठी टाका, त्यावर आंबे कसे पिकवायचे त्या लेखाचा क्यूआर कोड आणि "आमचा नंबर सेव्ह करा, पुढच्या हंगामाची खबर आधी तुम्हाला देऊ" एवढी ओळ. घरी हिरवी पेटी आलेल्या माणसाला त्या क्षणी तीच माहिती हवी असते. आणि तो लेख त्याला आवडला तर तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, तिथून जी माणसं येतात ती तुम्ही जाहिरातीत कितीही पैसे ओतले तरी मिळत नाहीत.

व्हॉट्सॲपवर लिंक टाकल्यावर खाली फोटो आणि शीर्षकाचा चौकोन दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर वेबसाइट करून देणाऱ्याला सांगून ते नीट करून घ्या. नुसती निळी लिंक आली की लोकांना हल्ली भीती वाटते, आणि वाटणारच, रोज फसवणुकीच्या बातम्या येतात. तसंच फोनमधले पाच-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे वेबसाइटवर चढवू नका, पान उघडायला वेळ लागला की लिंक दाबलेला माणूस परत फिरतो आणि तुमची सगळी मेहनत फुकट जाते.

लिहायचं कधी?

पावसाळ्यात. हे वाक्य ऐकून लोक माझ्याकडे बघत राहतात, पण विचार करा. नवीन पान टाकलं की ते गुगलच्या यादीत जायला आणि वर सरकायला वेळ लागतो, कधी काही आठवडे, नवीन वेबसाइट असेल तर कित्येक महिने. लोक हापूस शोधायला लागतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे मार्चमध्ये लिहायला बसलात तर तुमचा लेख वर येईस्तोवर बाग रिकामी झालेली असणार. शिवाय मार्चमध्ये तुम्हाला वेळ कुठे असतो, काढणी, प्रतवारी, आढी लावणं म्हणजे आंबे पिकायला पेंढ्यात रचणं, पेट्या भरणं, गाड्या पकडणं. जून ते ऑक्टोबर शांतपणे दहाबारा लेख लिहून ठेवा, हंगामात फक्त भावाचं पान बदला आणि रील टाका.

मधल्या महिन्यांतही लोकांना बघायला आवडेल असं बागेत खूप चालू असतं. मोहोर कधी आला, अवकाळीने तो कसा काळा पडला, थ्रिप्सची कीड आल्यावर काय केलं, पहिलं कणी एवढं फळ कसं दिसतं. डिसेंबरपासून हे बघत आलेला माणूस एप्रिलमध्ये भावावरून घासाघीस करत नाही, त्याला माहीत असतं यात काय काय गेलंय.

एआयच उत्तर देतं, मग आपल्याकडे येणार कोण?

ही भीती खोटी नाही. गुगलने एआयचे सारांश ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात सुरू केले. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधलं लोकांचं ब्राउझिंग तपासलं, तेव्हा दिसलं की एआयचा सारांश वर आला होता तिथे दर शंभरातल्या साधारण आठच वेळा लोकांनी खालची लिंक दाबली, आणि सारांश नव्हता तिथे पंधरा वेळा. म्हणजे जवळपास निम्म्यावर.

पण कुठली क्लिक गेली ते बघितलं पाहिजे. "हापूसमध्ये कुठलं व्हिटॅमिन असतं" असल्या प्रश्नाचं उत्तर वरच मिळतं, तो माणूस आता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर तो पेटीही घेणार नव्हता. एआय बागेत जाऊन मोहोर बघू शकत नाही. या आठवड्याचा तुमचा भाव, कुठल्या पिनकोडला किती दिवसांत पेटी पोचते, यंदा साका किती निघाला, तुमची बाग कातळावरची आहे की खाडीकाठची, तुमच्याकडे जीआयची नोंदणी आहे का, हे फक्त तुम्हीच लिहू शकता. (हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. नोंदणी असेल तर तो नंबर वेबसाइटवर ठळक टाका.) आणि एआय ते सारांश बनवतं तेही कुणाच्या तरी पानावरूनच, शेजारी त्या पानांच्या लिंक देतं. त्यात तुमचं पान यायचं असेल तर आधी ते असलं तर पाहिजे.

मग लेखच एआयकडून लिहून घेतले तर? गुगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की मजकूर कशाने लिहिला यापेक्षा तो वाचणाऱ्याच्या उपयोगाचा आहे का हे आम्ही बघतो, आणि मार्च २०२४ मध्ये ढिगाने पानं पाडून रँकिंग मिळवायच्या प्रकाराला स्पॅम ठरवलं. तुम्ही फोनवर बोलून मराठीत टाइप केलंत आणि शुद्धलेखन एआयकडून नीट करून घेतलंत तर त्यात काही वावगं नाही. पण "हापूसवर लेख लिहून दे" सांगून जे येतं त्यात ना साक्याचा तुमचा अनुभव असतो ना तुमचा भाव, ते जगात आधीच असलेलं परत असतं, आणि कधीकधी चक्क चुकीचं असतं. कार्बाइडने पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूला मर्यादेत परवानगी आहे, असल्या बाबतीत चूक छापली गेली तर निस्तरायला तुम्हालाच लागेल.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

गिऱ्हाईक कोण ते बघा. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक असेल तर मराठीत जरूर लिहा, मराठीत चांगली माहिती कमी आहे म्हणून वर यायला सोपं जातं. बंगळूरु, हैदराबाद, दिल्लीला पाठवत असाल तर इंग्रजी पानं वेगळी करा. बरेच मराठी लोकही इंग्रजी अक्षरांतच टाइप करून शोधतात, त्यामुळे महत्त्वाची चारपाच पानं दोन्ही भाषांत असलेली बरी. एकाच पानावर मधेच मराठी मधेच इंग्रजी असं करू नका. आणि भाषांतराचं बटण दाबून तयार झालेलं मराठी न वाचता छापू नका, ते पहिल्या ओळीत ओळखू येतं.

जाहिरातीला पैसे घालू का?

हंगामात घाला, थोडे. फेसबुक-इन्स्टावर शहर आणि वय निवडून जाहिरात दाखवता येते, तिचा उपयोग होतो, पण पैसे थांबले की माणसं थांबतात हे धरून चला. पोस्ट पैसे भरून पुढे ढकलणारं बूस्टचं बटण दाबून नुसते लाइक्स घेण्यापेक्षा जाहिरात सरळ वेबसाइटवरच्या भावाच्या किंवा ऑर्डरच्या पानावर न्या. फॉलोअर्स विकत घेऊ नका, ती खाती खोटी असतात, ती आंबा खात नाहीत, आणि तुमची खरी पोस्ट कुणालाच आवडत नाही असं अल्गोरिदमला वाटून ती आणखी दाबली जाते. फूड इन्फ्लुएन्सरला पेटी पाठवणार असाल तर पैसे किंवा माल घेऊन केलेली पोस्ट ही जाहिरात आहे असं त्याने स्पष्ट लिहायला हवं, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेचे तसे नियम २०२१ पासून आहेत. आणि त्याला साधं विचारा, लिंक देणार का? नुसत्या टॅगवरून वेबसाइटवर फार कोणी येत नाही.

उपयोग होतोय हे कळणार कसं?

गुगल सर्च कन्सोल हे गुगलचं वेबसाइटवाल्यांसाठीचं साधन फुकट आहे, ते आजच्या आज लावून घ्या. लोक काय शोधत असताना तुम्ही दिसलात, किती वेळा दिसलात आणि त्यातल्या किती जणांनी दाबलं हे त्यात कळतं. समजा एखाद्या प्रश्नाला तुमचं पान खूप वेळा दिसतंय पण दाबत कोणी नाही, तर शीर्षकात गडबड आहे, ते बदलून बघा. एखादा प्रश्न दिसतोय ज्यावर तुम्ही काही लिहिलेलंच नाही, तर पुढचा लेख तो.

व्हॉट्सॲपवरून आलेली माणसं गुगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वेबसाइटवर येणारी माणसं मोजणाऱ्या गुगलच्या साधनात, बहुतेक वेळा "डायरेक्ट" मध्ये मोजली जातात, म्हणजे जणू पत्ता टाइप करून आली. म्हणून व्हॉट्सॲपला, इन्स्टाला, पेटीतल्या चिठ्ठीला देताना लिंकच्या शेपटाला वेगळी खूण जोडायची, तिला यूटीएम म्हणतात, फुकटात बनवता येते. मग कुठली वाट चालतेय आणि कुठे नुसता वेळ जातोय ते वेगळं दिसतं. आणि फोनवर ऑर्डर घेताना "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हे विचारून वहीत लिहून ठेवा, कारण बरीच माणसं वेबसाइट वाचून, खात्री करून, शेवटी फोनच करतात, आणि ती कुठल्याच यंत्रात दिसत नाहीत.

किती दिवसांत फरक दिसेल? पहिल्या हंगामात फार धरून चालू नका, काही पानं गुगलमध्ये दिसायला लागतील, थोडे फोन येतील. दुसऱ्या हंगामात, तीच पानं नवीन भावासकट परत वर यायला लागली आणि चिठ्ठीवरून नंबर सेव्ह केलेले लोक फेब्रुवारीतच "पेटी कधी?" विचारायला लागले, की मग वाशीला किती पाठवायचं आणि घरपोच किती ठेवायचं हा हिशोब तुम्हाला मोहोर बघूनच मांडता येईल.